वरचा माणूस पायऱ्या सांगतो

९ जानेवारी

ताई,

कागद आणून ठेवला त्याला बरेच दिवस झाले. आधी पेन सापडेना. पेन सापडलं तोवर कागदावर चहाच्या कपाचा गोल उमटलेला. मग त्या गोलाला डोळे काढले, कान काढले, मिशी काढली आणि ते तोंड हुबेहूब आपल्या पीटीच्या सरांसारखं झालं. वाटलं, हे ताईला दाखवलंच पाहिजे. पण नुसतं तोंड कसं पाठवायचं, खाली चार ओळी हव्यात, आणि त्या चार ओळीच जमेनात. खरं सांगायचं तर तू शेवटचं जे बोललीस ते अजून कानात आहे. ‘आता मेलास तरी कळवू नकोस.’ मेलो नाहीये, म्हणून कळवतोय.

अक्षर वाकडं येतंय कारण उजवा हात गळ्यातल्या झोळीत आहे. कोपर बरगडीला चिकटवून नुसतं मनगट हलवत लिहितोय. घाबरू नकोस. किंवा घाबर, तुझी मर्जी.

घरून निघाल्यावर मी बरंच काही केलं. हॉटेलात भांडी घासली, रंगाऱ्याच्या हाताखाली राहिलो, एका माणसाबरोबर शेगड्या दुरुस्त करत गावोगाव हिंडलो. तो माणूस झोपेत गाणी म्हणायचा, आणि जागेपणी त्याला एकही येत नसे. ते जाऊ दे. शेवटी सामान हलवणाऱ्या कंपनीत लागलो आणि तिथे मात्र टिकलो. रोज नवं घर, नवा जिना, नवे लोक भांडताना बघायला मिळतात. सामान बांधताना माणसं फार भांडतात गं.

आमच्यात जोडी असते. माझा जोडीदार लंबू. जिना चढताना एक वर, एक खाली. वरचा उलटा चढतो. खालच्याच्या छातीशी कपाट असतं, त्याला पाय दिसत नाहीत, पायरी दिसत नाही, काहीच दिसत नाही. म्हणून वरच्यानं पायऱ्या सांगायच्या. ‘पायरी. पायरी. पायरी. सपाट.’ सपाट म्हटलं की खालचा पाय उचलत नाही, सरळ पुढे टाकतो. यात एक मेख आहे. वरचा स्वतः सपाटीवर पोचतो तेव्हा खालच्याच्या अजून काही पायऱ्या उरलेल्या असतात. त्या त्यानं डोक्यात ठेवून सांगायच्या. स्वतःच्या नाही, खालच्याच्या. हे काम मी करायचो, कारण माझं तोंड तसंही बंद होत नाही. लंबू मुका नाही, पण बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटतो, म्हणून तो खाली.

त्या दिवशी त्याची कंबर धरली होती. मी म्हटलं, जा वर, आज मी खाली घेतो. लोखंडी कपाट, अरुंद जिना, खांद्यावरून पट्टा. लंबू बिचारा आठवणीनं सांगत होता. मग त्याचे पाय सपाटीला लागले आणि तो म्हणाला, ‘सपाट.’ स्वतःचं सांगितलं त्यानं. मी पाय सरळ टाकला, तो पायरीवर आपटला, कपाट कललं आणि सगळं ओझं पट्ट्यावर आलं. खांद्यात जुनं कापड फाटल्यासारखा आवाज झाला. तो मला ऐकू आला, लंबूला नाही. घरमालकिणीनं आधी कपाटाला पोचा आला का ते बघितलं. नव्हता आला.

स्नायू अर्धा फाटलाय म्हणतात. ऑपरेशन नको, व्यायामानं भरून येईल. कामावर लागलंय म्हणून भरपाई मिळते. हात कितपत निकामी झाला हे डॉक्टरांचं बोर्ड ठरवतं, त्यावर रक्कम. म्हणजे बघ, मी एवढा हिंडलो आणि कमाई झाली ती जिन्यात पडून. ती मिळाली की घरी येईन. रिकाम्या हातानं तुझ्या दारात उभा राहणार नाही, एवढं मी ठरवलंय.

सरांचं तोंड मागच्या बाजूला आहे.

तुझा,
भोवरा


२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. चालेल. मी काही उत्तरासाठी लिहीत नाही. फक्त पोस्टमनची वेळ झाली की सहज जिन्यात जाऊन उभा राहतो.

जिन्यावरून आठवलं. माझी खोली मशीनवाल्या काकूंच्या डोक्यावर आहे. त्या खाली सोफ्याची कव्हरं शिवतात. मशीन जोरात चाललं की माझी खाट भिंतीपासून सरकत सरकत मधे येते. आणि या घराच्या जिन्याला वळणावर एक पायरी इतरांपेक्षा चांगली वीतभर उंच आहे. कुणी बांधली देव जाणे. नवा माणूस तिथे अडखळणारच. काकू खालूनच ओळखतात, ‘पाहुणा आला वाटतं.’ वळणावर उजेडही नाही.

आता फिजिओथेरपीचं सांगतो. तळघरात मोठी खोली आहे. तिथे कुणालाच नाव नाही. दारावरचा माणूस ओरडतो, ‘खांदा! खांदा कोण आहे? आत या.’ तर मी खांदा. माझ्याआधी गुडघेकाका, माझ्यानंतर कंबरमावशी. कोपऱ्यात एक सांगाडा टांगलाय, त्याला कुणीतरी लोकरीची टोपी घातलीय. मी येता-जाता त्याच्याशी हात मिळवतो. मॅडम म्हणाल्या, ‘त्याची बोटं गळून पडली तर तुझी लावीन.’

मॅडम म्हणजे फिजिओ. बुटक्या, बाह्या दुमडलेल्या, हात बर्फासारखे थंड. त्यांनी हात धरून वर न्यायला सुरुवात केली की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. मी दम रोखून धरतो. त्या म्हणतात, ‘श्वास सोड. तो काय पेन्शन आहे साठवून ठेवायला?’

सगळ्यात सोपा दिसणारा आणि सगळ्यात वाईट व्यायाम म्हणजे मुंगी. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि दोन बोटांनी भिंतीवर चढत जायचं. जिथे थांबेल तिथे पेन्सिलीनं रेघ. दुसऱ्या दिवशी रेघेच्या वर. घरी मी खिडकीशेजारच्या भिंतीवर करतो. पहिली रेघ बेंबीशी होती. मग छातीशी. काकू भाडं मागायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘भिंत म्हणजे काय शाळेची पाटी वाटली का रे?’ पण जाताना हळूच विचारलं, ‘वरची कालची की आजची?’ काल मुंगी खिडकीच्या वरच्या कडीला पोचली. कडी! मी इतका ओरडलो की खालचं मशीन थांबलं.

हे मॅडमना सांगितलं तर त्या पहिल्यांदा हसल्या. गुडघेकाका मात्र हसले नाहीत. बाहेर बाकावर बसून मला म्हणाले, ‘बोर्डापुढे गेलास?’

‘अजून नाही.’

‘मग मुंगीला कशाला एवढं पळवतोस, बेटा? कडीपर्यंत जाणाऱ्या हाताचे बोर्ड काय देणार? बरा झालास म्हणून हार घालतील. हात कुठे पळून जातोय? आधी बोर्ड होऊ दे. मग चढव ना मुंगी, आढ्याला चढव.’

मी काही त्यांचं ऐकणार नाहीये. पण माणूस मजेशीर आहे, म्हणून लिहिलं.

भोवरा


६ मार्च

ताई,

बोर्डाची तारीख आली. महिनाअखेरीस.

मधे पत्र नाही कारण मी बाहेर फारसा पडत नाही. सांगू नये पण सांगतो. माझ्यावर नजर आहे. समोरच्या फुटपाथवर एक माणूस उभा असतो. तपकिरी टोपी, हातात घडी केलेला पेपर. पेपर उघडत नाही. सकाळी दिसतो, तासभर थांबतो, नाहीसा होतो, संध्याकाळी पुन्हा हजर. गुडघेकाका म्हणाले, कंपनी माणसं ठेवते. एका कंबरवाल्यानं बोर्डाच्या आदल्या दिवशी पाण्याची कळशी उचलली, झालं, त्याचा फोटो बोर्डाच्या टेबलावर. तेव्हापासून मी झोळी काढत नाही. खिडकीत तर नाहीच नाही. खिडकीशेजारचीच भिंत आहे ना मुंगीची.

म्हणजे व्यायाम बंद असं नाही. थोडा कमी. मॅडमकडे जातो तेव्हा त्या करतात तेवढा होतोच. परवा त्या म्हणाल्या, ‘काय रे, मागच्या आठवड्यापेक्षा घट्ट लागतोय. घरी करतोस ना?’

‘करतो की.’

‘चक्रावरची दोरी?’

‘रोज.’

दारावरच्या खिळ्याला चक्र टांगून डाव्यानं उजवा हात वर ओढायची ती दोरी. तिच्यावर सध्या माझा शर्ट वाळत असतो.

मला माहीत आहे तू आत्ता कुठलं तोंड केलं असशील. पण माझा हिशोब ऐक. हात बरा होतोय हे मला दिसलंय. कडीपर्यंत गेला होता ना? मग तो माझ्याकडे आहे. बँकेत ठेवल्यासारखा. थोडे दिवस काढायचा नाही एवढंच. आणि रक्कम चांगली मिळाली तर त्यात एक जुना टेम्पो येईल, घरी सोबतीला दिवसभराचं माणूस ठेवता येईल. तुला कामावरून आल्यावर जरा टेकता येईल. मी टेम्पो तुझ्या दारात आणून हॉर्न वाजवीन. तू बाहेर येणार नाहीस, पण पडद्याआडून बघशील, मला माहीत आहे.

लंबू येऊन गेला. संत्री आणली होती. बसला, छताकडे बघितलं, उठला. दारात म्हणाला, ‘नवा जोडीदार दिलाय.’ मी विचारलं, ‘बोलतो का?’ तो म्हणाला, ‘फार.’ मग जिन्याकडे वळत, ‘मी खालीच असतो आता. कुणी काही म्हणू दे.’ एवढं एका दमात बोलल्यावर त्याला घाम आला असणार. संत्री सोलायला दोन हात लागतात हे त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नाही, तो गेल्यावर आलं. दातांनी सोलली.

भोवरा


३० मार्च

ताई,

बोर्ड झालं.

हे पत्र मी एका बागेतल्या बाकावर लिहितोय. शेजारी एक म्हातारा कबुतरांना शिव्या देतोय, आणि शिव्या देता देता दाणेही टाकतोय. त्याच्याबद्दल लिहिणार होतो. नको.

लांबलचक टेबलामागे तीन डॉक्टर. मधल्यानं सांगितलं, ‘हात समोरून वर घ्या.’ मी ठरवून आलो होतो. छातीपर्यंत न्यायचा, तोंड वाकडं करायचं, थांबायचं. आरशापुढे तोंडाची तालीमही केली होती. हात उचलला. छातीच्या जरा खाली आला आणि थांबला.

मी थांबवला नव्हता, ताई.

मला वाटलं घाबरल्यामुळे असेल. तोंड आपोआप वाकडं झालं, तालमीपेक्षा बरं. मधल्या डॉक्टरनं उठून स्वतः उचलून बघितला. डावा डॉक्टर कोन मोजायची पट्टी लावून आकडे सांगत होता, उजवा लिहीत होता. ‘बाजूनं घ्या.’ थांबला. ‘पाठीमागे न्या.’ खिशापर्यंत गेला, पुढे नाही. ‘ठीक आहे, शर्ट घाला.’ शर्ट घालायला शिपायानं मदत केली.

बाहेर गुडघेकाका वाट बघत होते. म्हणाले, ‘झकास. चेहऱ्यावरूनच कळतंय. नटसम्राट आहेस.’ त्यांनी पाठीवर थाप मारली आणि मी खरोखर ओरडलो, तर ते डोळा मारून म्हणाले, ‘आता बस झालं, आता कोणी बघत नाही.’

बसमध्ये गर्दी होती. वरच्या कडीला धरायला हात उचलला. उजवा उचलला, सवयीनं. तो गेला नाही. ब्रेक लागला आणि मी एका बाईच्या अंगावर गेलो. तिनं नको ते ऐकवलं. पुढच्या स्टॉपला उतरलो आणि या बागेत आलो. एका झाडाच्या बुंध्यावर मुंगी चढवून बघितली. कुणी नजर ठेवत असेल तर ठेवू दे म्हटलं. छातीच्या खाली. पुन्हा. तिथेच. डाव्या हातानं कोपर धरून ढकललं. दाराला आतून कुणी पाठ लावून उभं असावं तसं.

असेल तात्पुरतं. बरेच दिवस झोळीत होता ना. सुटेल.

म्हाताऱ्याचे दाणे संपले. शिव्या चालू आहेत.

भो.


१७ एप्रिल

ताई,

सुटला नाही.

मॅडमनी हात उचलायला घेतला, तर हाताबरोबर पाठच वर जायला लागली. त्या थांबल्या. एक टॉवेल होता, त्याची घडी केली, उलगडली, पुन्हा केली.

‘घरी करत होतास?’

‘हो.’

‘पुन्हा विचारते.’

मी सांगाड्याकडे बघत होतो. म्हटलं, ‘नाही.’

‘फाटलं होतं ते भरून आलं होतं. मी भरून आणलं होतं. आणि तू वरून कुलूप घातलंस. खांदा न हलवता ठेवला की आतलं आवरण आकसतं, चिकटतं, आणि मग तुला हलवायचा असला तरी तो हलत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं होतं की नाही?’

‘सांगितलं होतं.’

‘मग?’

‘बोर्डासाठी.’

‘ते कळलं. तू काही पहिला नाहीस.’

ताई, तेच जास्त लागलं. माझं डोकं चाललं होतं, ते माझ्याआधी कितीतरी जणांचं तसंच चाललेलं.

बोर्डाचा निकालही आला. हात आखडलाय हे त्यांना मान्य. पण त्यांनी मॅडमचा अहवाल मागवला होता आणि त्यात लिहिलं होतं की प्रगती चांगली होती, नंतर रुग्णानं घरचे व्यायाम सोडले. म्हणजे आखडणं दुखापतीचं नाही, माझं. भरपाई मूळ फाटण्यापुरती, आणि ते तर भरलंय. टेम्पोचा हॉर्नसुद्धा येणार नाही त्यात. मी मॅडमना म्हटलं, ‘तुम्ही असं लिहिलंत?’ त्या म्हणाल्या, ‘मग काय खोटं लिहू? तुझ्यापुढे तुझा हात कुणी आणून ठेवला असता तरी तू आधी त्याचा भाव विचारला असतास.’ मग त्याच मला बाहेर सोडायला आल्या, जिन्यापर्यंत. रोज येत नाहीत.

गुडघेकाकांना त्यांचे पैसे कधीच मिळालेत. तरी येतात. परवा रस्त्यात मागून बघितले, एकटेच होते, कुणाला दाखवायचं नव्हतं, आणि तरी पाय ओढत चालले होते. मी हाक मारली नाही.

आणि टोपीवाला. त्याचंही ऐक. मीच गेलो शेवटी रस्ता ओलांडून. म्हटलं, ‘काढा फोटो, काय काढायचा तो.’ तो घाबरला. समोरच्या गोदामाचा रखवालदार आहे. पाळी बदलायची वाट बघत उभा असतो. पेपर उघडत नाही कारण चष्मा फुटलाय. वर मलाच विचारतो, ‘आज पाणी येणार आहे का, काही छापलंय का बघा जरा.’ मी एका हातानं पेपर उघडून त्याला वाचून दाखवलं.

आता पुढचं. भूल देऊन हात जबरदस्तीनं सोडवणार आहेत. मे महिन्यात. त्यानंतरचे दिवस महत्त्वाचे. मॅडम म्हणाल्या, ‘डॉक्टर सोडवतील, पण ते काही रोज घरी येणार नाहीत. सकाळ-दुपार-संध्याकाळ कुणीतरी हात धरून वर न्यायला हवा. तुला एकट्याला जमणार नाही, दुखलं की तू सोडशील. तू ओरडशील, आणि ओरडलास तरी न सोडणारं माणूस हवं. नाहीतर पुन्हा चिकटेल आणि मग कायमचा. घरचं माणूस कोण आहे?’

‘आहे.’

‘कोण?’

‘बहीण.’

नुसतं सांगितलं. विचारलं म्हणून काहीतरी सांगायला हवं होतं. ये असं नाही.

पण ओरडलं तरी न सोडणारं माणूस मी आयुष्यात एकच बघितलंय. त्या सकाळी तू बाबांचा लुळा हात धरून वर नेत होतीस, ते ओरडत होते, आणि मी घर सोडायला दारात चपला शोधत होतो. पुढचं लिहीत नाही. तुला माहीत आहे.

भोवरा


५ मे

ताई,

तुझं कार्ड मिळालं. पाठ झालंय.

‘पत्रं मिळाली. माझं येणं होणार नाही. रजा नाही आणि बाबांना एकटं ठेवता येत नाही. इतकी पत्रं लिहिलीस, त्यात बाबा कसे आहेत हे एकदाही विचारलं नाहीस. तुझी सगळी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. ते काही बोलत नाहीत.’

सगळी?

मी खाटेवर बसून आठवत होतो काय काय लिहिलं ते. सरांचं तोंड दाखवलंस? टोपीवाला? बोर्डापुढे वाकडं केलेलं तोंड? त्या सकाळच्या चपलासुद्धा? ते ऐकताना त्यांनी कुठे बघितलं? भिंतीकडे, की तुझ्याकडे? ते काही बोलत नाहीत म्हणजे बोलता येत नाही, की बोलत नाहीत?

आता लिहिताना हात अडतोय. पूर्वी वाटायचं मी ताईशी बोलतोय. आता वाटतं खोलीत आणखी कुणीतरी बसलंय, आणि मला जन्मभर भोवरा म्हणणारा तोच माणूस आहे.

येणं होणार नाही हे बरोबरच आहे. मी तुझ्या जागी असतो तर कार्डही टाकलं नसतं.

बाबा कसे आहेत?

हे विचारायला मला अडीच वर्षं लागली असं म्हण. म्हणायला हवं.

परवा दवाखान्यात जायचंय. कागदावर घरच्या माणसाची सही लागते, तिथे लंबू सही करणार आहे. नातं काय लिहू म्हणाला. मी म्हटलं, खालचा माणूस लिही. त्यानं मित्र लिहिलं.


९ मे

ताई,

आणि बाबा. तुम्हीही ऐकताय, तर तुम्हालाही.

हात सोडवला. भुलीत होतो, कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, आतून फांदी मोडल्यासारखे आवाज आले, ते चांगलं लक्षण असतं. जागा झालो तेव्हा हात डोक्याशी टांगलेला होता. डोक्याशी! मी तो बघत बसलो, दुसऱ्याचा असल्यासारखा.

लंबूनं टॅक्सीतून घरी आणलं. जिन्यात तो पुढे, मी मागे. वळणावर आल्यावर थांबला, मागे वळला आणि म्हणाला, ‘उंच.’ एकच शब्द. मग त्याला कामावर जायचं होतं.

संध्याकाळची पाळी काकूंनी घेतली. मॅडमनी त्यांना दाखवून ठेवलं होतं, मनगट असं धरायचं, कोपर असं. काकू पदर खोचून आल्या. म्हणाल्या, ‘सोफे ओढते मी, तुझा हात काय.’ छातीपर्यंत आणला. मग मी ओरडलो. काकूंनी हात टाकला आणि कानांवर हात ठेवून खाली पळाल्या. थोड्या वेळानं मशीन सुरू झालं. फार जोरात चाललं होतं, खाट मधे आली.

काकूंचा राग नाही. ओरडणाऱ्या माणसाचा हात धरून ठेवता येत नाही. दारच दिसतं. मला माहीत आहे ते.

आज सकाळी मी स्वतः केला. डाव्यानं उजवा धरून भिंतीशी उभा राहिलो. दुखलं, सोडला. पुन्हा धरला, पुन्हा सोडला. मॅडम बरोबर म्हणाल्या होत्या. काल डोक्याशी गेलेला हात आज हनुवटीशी अडला. दुपारी गळ्याशी. माझ्यादेखत दार लागतंय आणि मी बाहेर उभा आहे. खिडकीच्या कडीजवळची रेघ दिसते. पेन्सिलीची, अजून ठसठशीत. ती मीच ओढली होती हे आता कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. मला वाटत नाही.

म्हणून पत्र लिहायला बसलो. व्यायाम टाळून लिहितोय, हेही वाचून दाखव. मनगट अजून चालतं. उद्या परवा खांदा पूर्ण बसला की निदान कळेल तरी, आता करायचं काही उरलं नाही. मग पुन्हा निघेन कुठेतरी. एका हाताची कामं असतात. रखवालदार

थांब, काकू खालून हाका मारतायत.

मी आत्ता जिन्यात जाऊन आलो. काकू खालच्या दारातून ओरडल्या, ‘अरे, बघ कोण आलंय! म्हातारे गृहस्थ आहेत, काठी आहे. एक हात खिशात घातलाय तो बाहेरच काढत नाहीत. नाव विचारलं तर सांगेनात. नुसतं विचारतात, वर खांदा राहतो का? शब्द कळत नव्हते, तिसऱ्यांदा कळले.’

मी म्हटलं, ‘बरोबर कोण आहे?’

‘कुणी नाही. बसनं आलेत. मी म्हटलं बसा, पाणी घ्या, तर ऐकत नाहीत. चढायला लागले.’

ताई, ते चालतात? तू लिहिलं नाहीस. तू त्यांना एकटं ठेवू शकत नव्हतीस आणि त्यांनी तुलाच एकटं ठेवलं. तुला माहीत तरी आहे का ते इथे आहेत?

आवाज येतोय. आधी काठी. मग थांबणं. मग ओढलेला पाय. मग पुन्हा काठी. मशीन बंद आहे. त्यांना हा जिना माहीत नाही. वळणावर उजेड नाही आणि ती पायरी तिथेच आहे. धरायला एकच हात, तोही काठीत. मला खाली जाऊन त्यांना आधार देता येणार नाही. माझ्याकडे द्यायला हात नाही; उजवा उचलत नाही आणि त्या अंधारात डावा मला स्वतःला सावरायलाच लागतो.

पण वर मीच आहे. ते खाली आहेत आणि त्यांना पुढचं दिसत नाही.

जातो. पायऱ्या सांगतो.